न लाभलेली टोपी

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी तमिळनाडूचे १३ फलंदाज बाद केले. तरीही बिशनसिंग बेदींच्या त्या काळात कसोटीची टोपी त्यांना लाभली नाही. निवड इतरांच्या हाती होती. चेंडू मात्र स्वतःच्या. सत्तेचाळिसाव्या वर्षीही ते पुन्हा रणजीत खेळले.

आपल्या येडशीतही अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस दर दोन तासांनी बदलणारे हात आहेत. त्यांची नोंद कोणत्याही धावफलकावर होत नाही. आईच्या पाठीला जखम झालेली नाही, एवढीच त्यांची कमाई. ती थोर मानावी, आणि एखादी रात्र त्या हातांनाही विसावा द्यावा.