कुकरची रिंग फ्रीजरमध्ये ठेवताय?

परवा सकाळी शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, तुझ्या फ्रीजरमध्ये जरा माझी कुकरची रिंग ठेवतेस? आमचा बर्फानं भरलाय. वीस मिनिटं झाली, कुकर नुसता फुसफुसतोय, शिट्टी म्हणून नाही!"

हा उपाय आपण सगळ्याच करतो. थंडीनं रिंग थोडी ताठ होते, झाकण घट्ट बसतं आणि त्या दिवसाचं वरण निभावतं. पण कुकर तापला की रिंग पुन्हा होती तशीच. मी म्हटलं, "ठेवते, पण संध्याकाळी नवी आणा." काकूंना ते पटेना. "अजून तुटली कुठं आहे?" असं त्यांचं म्हणणं. खरी गोम इथेच आहे. रिंग तुटायच्या आधीच निकामी झालेली असते.

कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी १०० नव्हे, सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. झाडाच्या चिकापासून केलेलं रबर अशा उष्णतेत रोज राहिलं तर लवकर खराब होतं, शिवाय तेलातुपानं फुगतं. म्हणून रिंगा कृत्रिम रबराच्या करतात. काळी रिंग बहुधा नायट्राईल रबराची असते. हे रबर तेलाला दाद देत नाही, म्हणून मोटारीच्या इंजिनातली ऑइल सीलंही त्याचीच करतात. पांढरी किंवा करडी रिंग बहुधा सिलिकोनची. वाळूत जी दोन मूलद्रव्यं असतात, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, त्यांचीच साखळी या रबराचा कणा असते. ते २०० अंशांपर्यंत टिकतं आणि कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. त्यामुळे सिलिकोनची रिंग फ्रीजरमध्ये ठेवून काही उपयोग नाही. काकूंची काळी होती म्हणून निभावलं!

कारखान्यांत याहून चिवट रबर लागतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं १९५७ साली 'व्हिटॉन' नावाचं रबर बाजारात आणलं. त्यात फ्लोरीन असतं, जसं आपल्या नॉनस्टिक तव्याच्या टेफ्लॉनमध्ये असतं. २०० अंशांची उष्णता, पेट्रोल, गरम तेल, बरीचशी ॲसिडं, सगळं ते सोसतं. विमानांची इंजिनं, रसायनांचे पंप, मोटारींच्या इंधनाच्या नळ्या, अशा ठिकाणी ते वापरतात. महाग फार, म्हणून कुकरच्या वाटेला येत नाही.

पण त्यालाही एक वावडं आहे, थंडीचं. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही जण गेले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही एक शाळेतली शिक्षिका होती. माझ्यासारख्या मास्तरणीला ते वाचताना आजही चुटपुट लागते. यानाच्या बाजूच्या अग्निबाणांच्या सांध्यात व्हिटॉनच्या रिंगा होत्या, सुमारे साडेतीन मीटर व्यासाच्या आणि जाडीला जेमतेम पाव इंचाच्या. रात्री थंडी कडाक्याची होती, उड्डाणाच्या वेळीही तापमान २ अंशांच्या आसपास. रिंग ताठरली, सांध्याबरोबर चटकन फुगली नाही आणि जळते वायू फटीतून निसटले. पुढे रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं चौकशीत सगळ्यांसमोर त्या रबराचा चिमट्यात दाबलेला तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा सोडल्यावर तुकडा काही सेकंद दबलेलाच राहिला.

आपल्या रिंगेचं कामही तेच, दाबलं की परत फुगून फट बुजवायची. ते गेलं की ती न तुटताही निरुपयोगी. मग वाफ सतत निसटते, शिट्टी होत नाही, आपण वाट बघत बसतो, आतलं पाणी आटतं आणि डाळ करपते. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तेव्हा कोणी शेजारी उभं असेल तर भाजायचंच. फटीला कणीक लावून कुकर दामटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तो व्हॉल्व्ह चुकूनही बुजवू नका, आणि उडाला तर नवा कंपनीचाच बसवा.

रिंग रोज काढून धुवा, खोबणीत अडकलेला भात काढा, पण सुरीनं खरवडू नका. कुकर ठेवून देताना झाकण लावून ठेवू नका, दाबून राहिलेली रिंग लवकर चपटी होते. बोटांनी वाकवल्यावर भेगा दिसल्या, किंवा ती झाकणात सैल फिरू लागली, की बदला. फेरीवाल्याकडची कुठलीही जाड रिंग कोंबू नका. काही कुकरांच्या झाकणाला कडेला एक फट असते. वाफ फार कोंडली तर रिंग तिथून बाहेर येऊन वाट करून देते. भलती रिंग बसवली तर ही सोय कामाला येईलच असं नाही.

आणि दुकानात जाताना झाकण पिशवीत घालून न्या. काकू पहिल्या खेपेला तशाच गेल्या, आणि तीन लिटरची घेऊन आल्या.