रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. व्हायव्हाच्या दिवशी मी कॉलेजच्या बाथरूममध्ये फरशीवर बसून होते. पाळीचा दुसरा दिवस. कळ ओटीपोटातून मांडीपर्यंत उतरत होती, उलट्या थांबत नव्हत्या. अम्मीला फोन केला. ती म्हणाली, "सबको होता है बेटा, सहन कर." तिला तरी दोष कसा देऊ? तिलाही तिच्या अम्मीने हेच सांगितलं होतं.

नंतर तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल आली. एकाने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "लग्न झालं की आपोआप बरं होईल." रमजानमध्ये वेगळीच कसरत. पाळीत रोजा ठेवायचा नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी अब्बा आणि भाईजानसमोर रोजा असल्याचं नाटक करायचं आणि दाराआड रिकाम्या पोटी पेनकिलर गिळायची.

एकोणतिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं. दुर्बिणीतून तपासणी झाली आणि नाव कळलं: एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यांजवळ वाढतो, तिथे सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. सुरुवातीच्या टप्प्यात तो साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. आजार मुळापासून जात नाही. पण औषधांनी, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने त्रास कमी होतो. माझा झाला.

सॉफ्टवेअरमध्ये एखादा दोष चाचणीत सापडला नाही, म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आम्ही नोंदी तपासतो. मुलीच्या दुखण्याला तेवढाही मान का मिळू नये?

उत्तर मिळतं, "हया." पण हदीस काय सांगते? फातिमा बिन्त अबी हुबैश यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्या थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि विचारलं, नमाज सोडू का? पैगंबरांनी त्यांना गप्प केलं नाही. ही पाळी नाही, हे रगेतून येणारं रक्त आहे, असा फरक समजावून सांगितला. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा जे विचारता आलं, ते आज आपल्याच घरात का विचारता येऊ नये?

बहिणींनो, प्रत्येक दुखणं एंडोमेट्रिओसिस नसतं. पण गोळीने कळ थांबत नसेल, दर महिन्याला कॉलेज किंवा काम बुडत असेल, पाळीत शौचाला दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तारीख, दुखण्याची जागा, घेतलेली गोळी, बुडालेला दिवस, सगळं वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. लग्न झालेलं नाही म्हणून आतून तपासणीची भीती वाटत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येतो. ऐकून न घेणारा डॉक्टर बदला.

आणि भावांनो, पुढच्या रमजानमध्ये घरातली कुणी दुपारी पाणी पिताना दिसली, तर कारण विचारू नका. ती कळवळत असेल, तर मात्र दवाखान्यात घेऊन जा.