दस्ता घासू नका

जुन्या लष्करी बंदुकांचा नाद लागलेल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. अशी मंडळी आपल्यात आहेत. मंडळाच्या दिवाळीत हा विषय ती जरा हळू आवाजात काढतात, एवढंच. ज्यांना हा नाद नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण जुनी वस्तू हातात आली की ती 'नव्यासारखी' करायची खाज आपल्या सगळ्यांनाच असते. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: घडीच्या दस्त्याची जुनी कार्बाइन तुमच्याकडे आली असेल, तर तिचा दस्ता घासू नका, रंगवू नका, 'रिस्टोअर' करू नका.

मी एम१ए१ कार्बाइनबद्दल बोलतो आहे. अमेरिकन सैन्याने १९४१ साली एम१ कार्बाइन स्वीकारली आणि महायुद्ध संपेपर्यंत अशा साठ लाखांहून अधिक बनल्या. बनवणारे बहुतेक बंदूकवाले नव्हतेच. टाइपरायटरवाली अंडरवूड होती, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला होती, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या रेझ्युमेवर जिचं नाव आहे ती आयबीएमसुद्धा होती. पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी मात्र वेगळी आवृत्ती निघाली, ती एम१ए१. पुढे अक्रोडाचं लाकूड आणि मूठ, मागे लोखंडी सळ्यांचा सांगाडा. हा सांगाडा डावीकडे दुमडतो, गाल टेकायला त्यावर चामड्याची पट्टी असते. साधारण ३६ इंचांची बंदूक घडी केल्यावर २६ इंचांच्या आसपास येते. जुलै १९४३ मध्ये ती सिसिलीत उतरली, जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत. ती बनवली एकाच कारखान्याने, ओहायोतल्या डेटनमधल्या जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाने. १९४२ ते १९४४ या काळात सुमारे एक लाख चाळीस हजार नग. साठ लाखांत एवढेच.

आता खरी गोम ऐका. इनलँडने साधी एम१ आणि घडीच्या दस्त्याची एम१ए१ या दोन्ही एकाच क्रमांकमालिकेत बनवल्या. लोखंडावर कुठेही 'एम१ए१' असं कोरलेलं नाही. साध्या एम१वर जो मजकूर आहे तोच हिच्यावर. म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्याच्या कमरेला होती ती कोणती आणि गोदामाच्या पहारेकऱ्याच्या खांद्याला होती ती कोणती, हे लोखंड सांगत नाही. सांगितलंच तर दस्ता सांगतो: त्याचं लाकूड, त्यावर दाबलेले शिक्के, सळ्यांवरचा करडा लष्करी थर, चामडं, त्याचे रिव्हेट. आणि नेमका तोच दस्ता तुम्ही सँडपेपरखाली घ्यायला निघाला आहात.

घासल्यावर काय होतं ते नीट बघा. कारखान्यातून निघाला तेव्हा या दस्त्याचं लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा किंचित वर असतं. घासलं की ते खाली जातं आणि परत येत नाही. शिक्के खोदलेले नसतात, दाबलेले असतात. पोचे काढायला वाफ दिली की लाकडाचे दबलेले तंतू फुगतात, आणि पोच्याबरोबर शिक्काही फुगून पुसट होतो. वाफेला पोचा कुठला आणि शिक्का कुठला हे कळत नाही. त्यावर चकचकीत पॉलीयुरेथेन चढवलं की झालं, पाटलांच्या दिवाणखान्यातलं टीपॉय तयार! सैन्याने या लाकडाला जवसाचं तेल पाजलं होतं. तेच जवस, ज्याची चटणी तुम्ही दर वर्षी बॅगेतून घेऊन येता. त्या तेलाला ऐंशी वर्षांत जो काळसर रंग चढतो तो डब्यात मिळत नाही.

आपल्या घरांत पितळेची जुनी भांडी असतात. त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कुणी कुणाला दिलं, कधी दिलं. भांड्याला कल्हई करायची, ती केलीच पाहिजे, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. पण चकाकी यावी म्हणून आजीचं नाव घासून काढणाऱ्याला आपण काय म्हणू? कल्हई म्हणजे निगा. नाव घासणं म्हणजे नासधूस. दस्त्याच्या बाबतीत हा फरक आपण का विसरतो?

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'मी ती मूळ रूपात आणतोय.' कुठल्या मूळ रूपात? युद्धानंतर सैन्याने या कार्बाइन मोठ्या प्रमाणावर आपल्या शस्त्रागारांत नेऊन दुरुस्त केल्या. दोनच अंतरांसाठी असलेली उलटती माशी काढून सरकती माशी बसवली, पुढे संगीन अडकवायची कडी बसवली, आणि दस्त्यावर शस्त्रागाराचा शिक्का मारला: ऑगस्टाचा 'एए', रेड रिव्हरचा 'आरआरए', रॉक आयलंडचा 'आरआयए'. हौशी माणूस आज काय करतो? ती कडी काढतो, सरकती माशी काढतो, जुने सुटे भाग भरमसाट पैसे देऊन आणतो, शस्त्रागाराचा शिक्का घासतो आणि म्हणतो, 'आता ही १९४४ची झाली.' नाही झाली. १९४४ नंतरची सगळी वर्षं तिच्यावरून पुसली गेली, एवढंच झालं. आयुष्यातला एकच दिवस खरा आणि बाकीचे खोटे, असं कुठल्या माणसाबद्दल आपण म्हणत नाही. बंदुकीबद्दल तरी का म्हणावं?

दुसरं उत्तर इंजिनियरचं असतं, आणि आपल्यात इंजिनियरांना तोटा नाही. 'दस्ता डुगडुगतो हो, तो पक्का करायला नको?' एम१ए१चा दस्ता उघडला किंवा मिटला तरी कुलूपबंद होत नाही. स्प्रिंगच्या जोरावर तो जागेवर राहतो, बस्स. तो आराखडाच तसा आहे. विमानाच्या दारातून उडी घेणाऱ्या माणसाला लांबी कमी हवी होती. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी हे कुणी बनवलं नव्हतं. वेल्डिंगचा एक टाका मारून किंवा खिट्टी घालून तुम्ही त्या आराखड्यातली चूक सुधारत नाही. १९४२ साली घाईत, युद्धाच्या गरजेतून घेतलेल्या निर्णयाचा पुरावा तेवढा नष्ट करता.

तिसरं उत्तर सर्वांत जोरात येतं: 'माझी वस्तू, माझे पैसे.' बरोबर आहे. कायद्याने तुम्हाला कुणी अडवणार नाही. १९६३ मध्ये सरकारने याच कार्बाइन एनआरएच्या सभासदांना वीस-वीस डॉलरला विकल्या, आणि पुढे हौशी लोकांनी त्या मनसोक्त कापल्या, तासल्या, हरणं मारायच्या रायफली केल्या. त्यांचीही वस्तू, त्यांचेही पैसे. आज न कापलेली एखादी मिळावी म्हणून तुम्ही गन शोमध्ये हजारो डॉलर मोजता, ते त्यांच्या हक्काची किंमत म्हणूनच. आणि किंमत चढली की पाठोपाठ लबाडी येते. आता नवा बनवलेला दस्ता चहापत्तीच्या रंगाने जुना करायचा, नकली शिक्का मारायचा आणि साध्या एम१ला जोडून 'पॅराट्रूपर' म्हणून खपवायची. खरे दस्ते आपण घासून नवे करायचे, नवे दस्ते लबाडांनी रंगवून जुने करायचे. अजून वीस वर्षांनी फरक सांगणार कोण, आणि कशावरून?

हा फक्त संग्राहकांचा आपसातला वाद असता तर मी गप्प बसलो असतो. पण आपण या देशात एकटे राहत नाही. मुलं शाळेत लॉकडाउनचा सराव करून घरी येतात. मुलाला खेळायला पाठवण्याआधी त्याच्या मित्राची आई विचारते, 'तुमच्या घरी बंदूक आहे का?' आणि तिने विचारलंच पाहिजे. तेव्हा आपण काय सांगतो? 'आहे, पण ती ऐतिहासिक आहे. कपाटात कुलपात असते.' या एका वाक्यावर आपला सगळा नाद उभा आहे.

कायद्याची नजर तर याच घडीच्या दस्त्यावर आहे. १९९४ ते २००४ या काळातल्या संघराज्याच्या बंदीत सुट्या मॅगझिनच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर जी लक्षणं मोजली जात, त्यांत तो होता. सूट दिलेल्या बंदुकांच्या यादीत रुगर मिनी-१४ होती, पण 'घडीचा दस्ता नसलेली' असं कंसात लिहून. कॅलिफोर्नियात २००० सालापासून, न्यूयॉर्कमध्ये २०१३ पासून, अशा रायफलला एवढं एक लक्षणही पुरतं. दुसऱ्या बाजूला संघराज्याच्या नियमांत 'क्युरिओ अँड रेलिक' हा वर्ग आहे: पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपात राहिलेलं शस्त्र. म्हणजे कायदासुद्धा तुम्हाला विचारतो की हे अवशेष आहे की हत्यार? तुम्ही 'अवशेष' म्हणता आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरचा इतिहास खरवडून, चकचकीत, घट्ट, वापरायला सज्ज करता. मग त्या आईने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? इतिहास घासून टाकल्यावर उरतं ते हत्यारच.

मग काहीच करायचं नाही? करायचं की. गंज वाढत असेल तर थांबवा. मऊ फडक्याने पुसा, धातूला पातळ तेलाचा हात द्या. चामड्याला दमट तळघरात ठेवू नका. नेमबाजी करायचीच असेल तर आधी जाणत्या गनस्मिथकडून बंदूक तपासून घ्या, आणि नवा बनवलेला दस्ता विकत आणून तो जोडा. तो घासा, रंगवा, हवं ते करा. फक्त त्याच्या आतल्या बाजूला 'नवा' असं साल घालून कोरून ठेवा, म्हणजे तुमच्या पश्चात तो कुणी जुना म्हणून विकणार नाही. तुमच्या राज्यात घडीचा दस्ता चालतो का, हे त्याआधी बघा. खरा दस्ता जसा आहे तसा ठेवा, पोच्यांसकट आणि डागांसकट. कुठला भाग बदलावाच लागला तर काढलेला पिशवीत घालून चिठ्ठी लावा: काय काढलं, कधी, का. घेतलेल्या माणसाने काही सांगितलं असेल तर तेही लिहा, आणि ते ऐकीव आहे हेही लिहा.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. संध्याकाळभर घासून सकाळी चकाकणारं लाकूड बघण्यात जी मजा आहे ती चिठ्ठी लिहिण्यात नाही. ती मजा हवी असेल तर यार्ड सेलमधून एखादी खुर्ची आणा. तिच्यावर कुणाचा शिक्का नाही, आणि तुमच्या सँडपेपरने तिचं काही बिघडणारही नाही.