मोत्याचा विमा

माणसाला बदल आवडतो असे म्हणतात. पण विमा बदलायची वेळ आली की भलेभले सुधारकही सनातनी होतात. भाडेकरू घर बदलतो, विद्यार्थी विषय बदलतो, पुढारी पक्ष बदलतो. विमा कंपनी मात्र सहसा कोणी बदलत नाही. विम्याचा कागद आपल्याकडे वाचण्यासाठी नसतोच मुळी. तो कपाटात, लग्नातल्या शालूखाली जपून ठेवण्यासाठी असतो. त्यातून तो विमा कुत्र्याचा असला, तर विचारायलाच नको!

आपण म्हणाल, 'कुत्र्याचाही विमा?' हसू नका. स्वीडनमध्ये पहिल्या कुत्र्याचा विमा १९२४ साली उतरवला गेला, असे सांगतात. अमेरिकेत १९८२ साली हा मान लॅसीची भूमिका करणाऱ्या कुत्र्याला मिळाला. आपल्याकडे गाईम्हशींचा विमा जुना; त्याच्याच मांडीवर कुत्र्याचा विमा वाढला. म्हणूनच जुन्या धाटणीच्या पॉलिसीत कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टीही गोठ्यातलीच आहे: जनावर दगावले, तर धन्याचे किती नुकसान झाले, एवढेच ती विचारते.

आमचा मोत्या पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर. माझे मेव्हणे परदेशी गेले, तेव्हा मोत्या, त्याचा पट्टा आणि त्याची पॉलिसी असा तिहेरी वारसा आमच्याकडे आला. पॉलिसीवर मालकाचे नाव रीतसर बदलून घेतले. तिच्यात काय होते, हे मला ठाऊक होते. मराठीच्या प्राध्यापकाला वाक्य दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. 'मृत्यू झाल्यास बाजारभाव किंवा विम्याची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती.' या 'जी कमी असेल ती'त विमाशास्त्राचे सारे सार आले आहे!

गेल्या वैशाखात मोत्याने आंब्याची कोय गिळली. दोन दिवस अन्न नाही, पाणी पोटात ठरेना. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की कोय आतड्यात अडकली आहे, पोट उघडावे लागेल. खर्चाचा आकडा सांगून ते क्षणभर थांबले. हा आकडा ऐकून काही मंडळी कुत्र्याला तसेच परत घेऊन जातात, असे नंतर तेच म्हणाले. आम्ही परत नेले नाही. सौभाग्यवतीने दिवाळीसाठी बाजूला टाकलेले पैसे काढले आणि कोय निघाली.

घरी आल्यावर कन्येने पॉलिसी वाचली आणि विचारले, "बाबा, म्हणजे मोत्या मेला तर पैसे मिळणार, आणि जगला तर नाही?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही विमा बदलायचे ठरवले.

हल्ली आपल्याकडेही काही कंपन्या कुत्र्याच्या आजारपणाचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देतात. काहींत कुत्रा हरवला किंवा तो कोणाला चावला, तर त्याचीही तरतूद असते. (हे शेवटचे कलम आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी फार बारकाईने वाचले.) परंतु विमा बदलणे म्हणजे दुकान बदलणे नव्हे. माणसांच्या आरोग्यविम्यात २०११ पासून एक सोय आहे: कंपनी बदलली तरी जुन्या कंपनीकडे काढलेला प्रतीक्षेचा काळ वाया जात नाही. कुत्र्याच्या विम्याला ही सोय लागू नाही. नव्या कंपनीच्या दारात मोत्या पुन्हा बिगरीतला विद्यार्थी. मागच्या इयत्तांचे गुण जमेस धरायचे नाहीत. मागचे नापास झालेले विषय मात्र आठवणीने धरायचे!

म्हणून विचारायच्या गोष्टी चार. एक, वय: ठरावीक वयापुढच्या कुत्र्याला बहुतेक कंपन्या नव्याने घेत नाहीत, आणि ही मर्यादा प्रत्येकीची निराळी. दुसरी, प्रतीक्षा: पॉलिसी सुरू झाल्यावर आजाराचे पैसे किती दिवसांनी लागू होतात? तिसरी, जुने आजार: ते कायमचे वगळतात, की काही काळापुरते? आणि चौथी, जातीचे दुखणे. लॅब्रॅडॉरला कंबरेच्या सांध्याचा विकार पुष्कळदा वंशपरंपरेनेच येतो. आम्ही पाहिलेल्या दोन पॉलिसींपैकी स्वस्त पॉलिसीत 'आनुवंशिक विकार वगळून' अशी तीन शब्दांची पळवाट होती. म्हणजे लॅब्रॅडॉरचा विमा, पण त्याच्या लॅब्रॅडॉरपणाचा सोडून! महागडीत त्या दुखण्याला मर्यादा होती, पण बंदी नव्हती. सौभाग्यवतीने महागडीवर बोट ठेवले. तिच्या बोटापुढे माझे अंकगणित चालत नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. अर्जात रकाना होता: 'या प्राण्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय?' एजंट गृहस्थ मोठे गोड. ते म्हणाले, "सर, कोय कशाला लिहिता? उगाच फाटे फुटतील. आणि कुत्रा काय बोलणार आहे?"

मी सौभाग्यवतीकडे पाहिले. ती चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "कुत्रा नाही बोलायचा हो, पण त्याच्या पोटावरचे टाके बोलतील की!"

विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, असे कायदा मानतो. मालकाला जे ठाऊक आहे, ते कंपनीला कळलेच पाहिजे. दडवलेली गोष्ट उद्या उघड झाली, तर कोयीचेच काय, त्या नावाखाली बाकीच्या दुखण्यांचे पैसेही नाकारता येतात. हप्ते भरायचे आपण आणि ऐन वेळी हात हलवत परतायचे, यापेक्षा खरे लिहिणे स्वस्त. आम्ही शस्त्रक्रियेची तारीखवार हकीकत लिहिली. सोबत लसींची पुस्तिका, महापालिकेचा परवाना, डॉक्टरांचा दाखला आणि मोत्याचे समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो जोडले. फोटोच्या वेळी तो आमच्यापैकी कोणाहीपेक्षा शांत बसला होता.

तीन आठवडे उत्तर नव्हते. ते दिवस मात्र जड गेले. पुढे पत्र आले: मोत्याला घेतले आहे, जुन्या शस्त्रक्रियेतून उद्भवणारा त्रास तेवढा वगळला आहे. बाकी सारे मान्य. मला ते न्याय्य वाटले.

जुनी पॉलिसी आम्ही लगेच सोडली नाही. नवीची आजारासाठी तीस दिवसांची प्रतीक्षा होती. ती पुरी होईपर्यंत जुनीची मुदत चालू राहील, अशा बेताने तारखा जुळवल्या. नवी फांदी हाती आल्यावाचून जुनी सोडू नये, हे माकडालाही कळते. ज्यांच्या जुन्या पॉलिसीतही आजारपणाचा खर्च आहे, त्यांनी तर ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. मधल्या कोऱ्या दिवसांतच कुत्र्याला नेमके दुखणे सुचते.

एवढे करून आमच्या पदरी काय पडले? वर्षाचा हप्ता वाढला. मोत्याचे आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नाही; कुत्र्याला दहा-बारा वर्षांचेच आयुष्य देऊन देवाने माणसावर थोडा अन्यायच केला आहे. पण डॉक्टर आकडा सांगून क्षणभर थांबतात, त्या क्षणात नवराबायकोने एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, ते तेवढे आता टळेल. मला वाटते, विमा विकत घ्यायचा तो या एका क्षणासाठी.

वाचकहो, दिवाळीत आपण घरातली जळमटे काढतो, हिशेबाच्या वह्या बदलतो. घरात चार पायांचे माणूस असेल, तर या दिवाळीत शालूखालची पॉलिसीही बाहेर काढा आणि चष्मा लावून वाचा. तुमच्या मोत्याची किंमत तिथे बाजारभावाने लावली असेल, तर त्याच्याकडे एकदा बघा. तो तुमची किंमत कोणत्या भावाने लावतो, ते त्याच्या शेपटीवरून कळेल. आणि त्या हिशेबात 'जी कमी असेल ती' हे शब्द कुठेही नसतील.