क्रेडिट कुणाचं?

मागच्या महिन्यात माझी एक स्टोरी 'प्रतिनिधी' या नावानं छापून आली. तीन आठवडे राबले होते, चार वेळा मजकूर बदलून दिला होता, आणि मानधनाचं तर विचारूच नका. घरी येऊन रूममेटसमोर तासभर तणतण केली. तिनं ऐकून घेतलं, कारण तिचंही दुखणं तेच. पीपीटी बनवते ती, मीटिंगमध्ये मिरवतो तिचा बॉस. "टीमवर्क गं," ती म्हणाली. असा एक 'टीमवर्क'वाला तुमच्याही ऑफिसात असणारच.

पुढच्याच आठवड्यात तिला हुडहुडी भरून ताप आला. मलेरिया, तोही फॅल्सिपॅरम. गोळ्यांच्या पाकिटावर नाव होतं आर्टेसुनेट. ती झोपल्यावर सहज ते नाव नेटवर टाकलं आणि रात्री दोनपर्यंत मी चीनमध्ये होते!

व्हिएतनाम युद्धाचा काळ. जंगलात लढणारे उत्तर व्हिएतनामचे सैनिक मलेरियानं हैराण झाले होते आणि मलेरियाचा जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासा झाला होता. त्यांनी चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ ला बीजिंगमध्ये बैठक झाली आणि त्या तारखेवरूनच गुप्त लष्करी मोहिमेचं नाव पडलं 'प्रकल्प ५२३'. इकडे सांस्कृतिक क्रांतीचा धुडगूस सुरू, शास्त्रज्ञांना शेतावर धाडलं जातंय, आणि त्यातच हे संशोधन.

१९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक औषध संस्थेतल्या गटाची सूत्रं ३८ वर्षांच्या तू यूयू या बाईंकडे आली. (हो, 'तू' हे आडनाव. चिनी लोक आडनाव आधी लावतात.) डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. नवरा खेड्यात कामाला पाठवलेला. चार वर्षांची मुलगी पाळणाघरात आणि धाकटी आजी-आजोबांकडे ठेवून बाई हैनान बेटावर मलेरियाचे रुग्ण बघायला गेल्या.

गटानं जुन्या पोथ्या आणि वैद्यांकडून २,००० नुस्खे गोळा केले. त्यातल्या छिंगहाओ या वनस्पतीनं आधी आशा लावली, मग दगा दिला. एकदा उंदरांवर गुण यायचा, पुढच्या वेळी जेमतेम. (ही आपल्या दवण्याची चुलत बहीण. जोतिबाला वाहतात ना, तोच दवणा.) बाईंनी पुन्हा पोथ्या चाळल्या. सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या गं होंग या वैद्यानं ती वनस्पती उकळायला सांगितलीच नव्हती. पाण्यात भिजवून पिळायची आणि रस प्यायचा. म्हणजे उकळण्यातच औषध मरत असणार! त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया शंभर टक्के थोपवला.

खरी गंमत (गंमत कसली, अंगावर काटा) पुढे आहे. जास्त अर्क हवा तर यंत्रं नव्हती, म्हणून घरगुती पाण्याच्या रांजणांत काम चाललं. खोलीत धड हवा खेळत नव्हती, लोक आजारी पडले. १९७२ मध्ये बाई आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला. मग हैनानमध्ये २१ रुग्णांना दिला. ताप उतरले.

आणि मग १९७७ मध्ये शोधनिबंध छापला गेला, तो एका 'संशोधन गटा'च्या नावानं. माणसाचं एकही नाव नाही! तेव्हा स्वतःचं नाव पुढे करणं हाच गुन्हा होता. पुढे शांघायच्या एका परिषदेत लुई मिलर आणि शिनझुआन सू या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी विचारलं, हे औषध शोधलं कुणी? उत्तर मिळेना. मग त्यांनीच जुनी कागदपत्रं धुंडाळली. २०११ मध्ये बाईंना लास्कर पुरस्कार आणि २०१५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, नोबेल मिळालं.

इथं मी टाळ्या वाजवून थांबणार होते. पण ५२३ मध्ये साठेक संस्थांतले पाचशेहून जास्त लोक होते. युन्नान आणि शांडोंगच्या गटांनीही हे औषध वेगळं काढलं, ग्वांगझोच्या डॉक्टरांनी ते गंभीर रुग्णांवर वापरून दाखवलं. बाईंना मिळालेल्या मानानं त्यातले काहीजण दुखावले. पोथी पुन्हा वाचून ईथरची वाट धरली ती बाईंनी, हे मला पटतं. पण साऱ्या प्रकल्पावर एकच नाव लिहायचं म्हटलं, तर माझाही हात अडखळेल.

१९४० च्या दशकात चीनमध्ये वर्षाला ३ कोटी लोकांना मलेरिया व्हायचा. ३० जून २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तो देश मलेरियामुक्त जाहीर केला. त्यात औषधाइतकाच वाटा '१-३-७' या शिस्तीचा. एका दिवसात रुग्णाची नोंद, तीन दिवसांत तपास, सात दिवसांत आसपास लागण पसरू नये म्हणून उपाय. तो फॉर्म भरणाऱ्या गावोगावच्या कर्मचाऱ्यांना कुणी नोबेल देत नाही.

रूममेटचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण कर असा दम देऊन तिला ही सगळी कथा ऐकवली. उशीला टेकून तिनं ऐकली आणि विचारलं, "ते सगळं ठीक गं. पण बाईंबरोबर अर्क प्यायलेल्या त्या दोघांची नावं काय?"

मी पुन्हा लॅपटॉप उघडला.