35, 27, 21, 18

‘द एल्डर स्क्रोल्स’ या खेळमालिकेच्या जुन्या भक्तांपाशी एक हुकमी आकडेवारी असते. 1996च्या ‘डॅगरफॉल’मध्ये पात्राला शिकता येणारी कौशल्ये 35. 2002च्या ‘मॉरोविंड’मध्ये 27. 2006च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये 21 आणि 2011च्या ‘स्कायरिम’मध्ये 18. आकडे टाकायचे, एक भुवई वर करायची आणि गप्प बसायचे. पुढचे समोरच्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा असते: पंधरा वर्षांत निम्मी विद्या बुडाली.

ज्यांनी यातले काहीच खेळलेले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा या कंपनीने 1994 साली ‘अरीना’पासून ही मालिका सुरू केली. टॅमरिएल नावाचा एक कल्पित खंड आहे. आपण एक माणूस घडवायचा, त्याला त्या खंडात सोडून द्यायचे आणि त्याने चोर व्हावे, पंडित व्हावे की राजाचा तारणहार, हे आपण ठरवायचे. ‘अरीना’त सगळा खंड होता; पुढे एकेक खेळ एकेका मुलखापुरता झाला. मुख्य खेळ आजवर पाचच.

फिर्याद अशी की हा उतार आहे. कौशल्ये घटली, फासे गेले, रस्ता दाखवणारा बाण आला, नकाशावर बोट ठेवून कुठेही पोहोचायची सोय झाली आणि खेळ पोरासोरांच्या हाती गेला. मी स्वतः मॉरोविंडवाला. म्हणजे फिर्यादी पक्षाने मोठ्या विश्वासाने बोलवावा असा साक्षीदार. पण या खटल्यात मी फितूर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात त्या 35पासूनच करू. डॅगरफॉलच्या 35 कौशल्यांपैकी नऊ निव्वळ भाषा आहेत. ऑर्कांची भाषा, राक्षसांची, हार्पींची, वनदेवतांची, ड्रॅगनांचीसुद्धा. ऐकून तोंडाला पाणी सुटते. आता ही विद्या वापरून होते काय? तो प्राणी समोर आला की आत गुपचूप एक फासा पडतो आणि दान पडले तर तो तुमच्यावर हल्ला करत नाही. संपले. नऊ भाषा शिका, त्यातल्या एकाही भाषेत ऑर्काला ‘जेवलास का’ विचारता येत नाही. पोहणे, उड्या मारणे, पळणे यांचेही वेगवेगळे खाते आहे. फर्द लांब होती म्हणून इस्टेट मोठी होती असे होत नाही. स्कायरिमने 18 ठेवली, पण प्रत्येकाच्या पोटात फांद्या फुटणारे गुणवृक्ष दिले. धनुर्धराने कुठली फांदी धरली यावर त्याची लढायची रीत बदलते. मोजायचेच असेल तर निवडी मोजाव्यात.

दुसरा आरोप ‘फास्ट ट्रॅव्हल’चा, म्हणजे नकाशावर टिचकी मारली की थेट मुक्कामी. ऑब्लिव्हियनने हे पाप केले आणि प्रवासाची गोडी मारली, असे सांगितले जाते. सांगणारे डॅगरफॉल विसरतात. त्या खेळाचा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे सांगितले जाई, गावे-देवळे-भुयारे मिळून सुमारे 15,000, सगळी गणिती सूत्रांनी पाडलेली. तिथे चालत कुठे जाणेच शक्य नव्हते, म्हणून 1996मध्येच टिचकीचा प्रवास होता. सावकाश जायचे की घाईने, सरायांत उतरायचे की उघड्यावर, एवढे विचारून तो तुम्हाला नेऊन सोडायचा. उलट मॉरोविंडचे व्हार्डनफेल बेट पंचवीसेक चौरस किलोमीटरच्या आतले, पण दगड न् दगड हाताने मांडलेला. म्हणून तिथे पायी जाणे, होडी धरणे, सिल्ट स्ट्रायडर नावाच्या उंच ढांगांच्या किड्याच्या पाठीवर बसणे परवडले. ती गोडी मालिकेची वडिलोपार्जित ठेव नव्हती. ती एकट्या मॉरोविंडची होती.

कन्सोलमुळे वाटोळे झाले म्हणावे, तर मॉरोविंडही 2002 सालीच एक्सबॉक्सवर आला होता.

आणि ते फासे! मॉरोविंडमध्ये पहिल्या तासात चिखलातल्या खेकड्याशी झुंजलेल्या कुणालाही विचारा. तलवार खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना डोळ्यांनी दिसते आणि खेळ म्हणतो, नेम चुकला. कागदावर खेळताना फासा शोभतो, कारण तिथे वार आपण मनात रंगवत असतो. पडद्यावर वार दाखवायचा आणि वर तो झालाच नाही म्हणायचे, ही खोलवर विचार केलेली रचना वगैरे काही नव्हती. दोन माध्यमांची न जुळलेली सोयरीक होती. दुसरी एक गोष्ट जुने लोक सांगायची टाळतात. मॉरोविंडमधली माणसे रात्रंदिवस एकाच जागी उभी असतात. दुकानदार झोपत नाही, दुकान बंद होत नाही, शेतकरीण पहाटे तीन वाजता त्याच वाफ्यापाशी ताटकळलेली. ऑब्लिव्हियनमध्ये पहिल्यांदा ती जेवायला लागली, अंथरुणाला पाठ टेकायला लागली, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला लागली. याला उतार म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

इतके झाल्यावर ऑब्लिव्हियनला मात्र मी सोडणार नाही. या मालिकेत एक खरोखरची घोडचूक झाली आणि ती त्याचीच. तुमची पातळी वाढली की सगळे जग त्याच मापाने वाढायचे. सुरुवातीला फाटक्या कातड्यात हिंडणारा वाटमाऱ्या पुढे ग्लास नावाचे अतिदुर्मीळ चिलखत घालून तुमच्या आडवा यायचा. अंगावर हजारो नाण्यांचा ऐवज, आणि मागायचा काय, तर शंभर नाणी! मला त्याची दया यायची. विनोद बाजूला ठेवला तरी त्याखालचे गणित क्रूर होते. पातळी वाढायची ती तुम्ही निवडलेल्या मुख्य कौशल्यांच्या वापराने. कुणी व्यापार, बोलणे, कुलपे उघडणे अशी कौशल्ये मुख्य म्हणून घेतली की सौदे करता करता त्याची पातळी चढायची, शत्रू बलदंड व्हायचे आणि हा बिचारा तसाच काटकुळा. मग हुशार खेळाडूंनी शक्कल काढली: जी कौशल्ये वापरायचीच नाहीत ती मुख्य म्हणून निवडा. आपण जे आहोत ते नोंदवायचेच नाही! भूमिका वठवण्याच्या खेळाची याहून मोठी थट्टा कोणती?

पण इथेच फिर्यादीची गोची होते. उतार म्हणजे पुढचे पाऊल आणखी खाली पडायला हवे. स्कायरिमने ही चूक बरीचशी दुरुस्त केली. ठिकठिकाणच्या शत्रूंना खालची-वरची मर्यादा बांधली. काही प्राणी तुमची पर्वा न करता आहेत तसेच राहिले. नवख्याने राक्षसाच्या मॅमथांजवळ जावे आणि गदेचा एक फटका खाऊन शब्दशः आकाशात जावे, हा अनुभव सांगून ठेवणारे खेळाडू गावोगाव भेटतात. पातळी वाढताना आठ मूळ गुणांवर करावी लागणारी बेरीजवजाबाकी स्कायरिमने काढून टाकली, आणि मुख्य-गौण हा भेदही. जे वापराल ते वाढेल. ‘अरीना’नंतर मालिकेला जे साधायचे होते ते सरळ स्वरूपात इथे साधले.

आता फिर्यादीची एक गोष्ट मान्य. अगदी मनापासून मान्य.

मॉरोविंडमध्ये बाण नव्हता. बाल्मोरा गावातला एक पंडित तुम्हाला अर्कंगथँड नावाच्या पडक्या अवशेषात धाडतो. तो सांगतो ते असे: मूनमॉथचा किल्ला ओलांडा, लाव्हा वाहून कोरडी पडलेली दरी लागेल, तिच्यावरचा जुना पूल पार करा. आपल्याकडे गावात पत्ता विचारला की ‘ओढा ओलांडला की उजव्या अंगाला वड, वडापासनं वर’ असे सांगतात, तीच जात. ते ऐकायचे, वहीत उतरवायचे, चुकायचे, परत फिरायचे. काही ठिकाणी तर लेखकांनीच दिशा चुकीची लिहिलेली. तासभर पूर्वेला भटकल्यावर ते कळायचे. तरीही त्या भटकण्यात जमीन ओळखीची व्हायची. माझ्या त्या वेळच्या वहीतली पाने भूगोलाच्या वहीसारखी दिसतात आणि आजही मी नकाशा न बघता बाल्मोऱ्याहून किनाऱ्यापर्यंत जाईन.

ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावर खूण आली. स्कायरिममध्ये ती हवी तर बंद करता येते, पण बंद केली तर पत्ताच राहत नाही, कारण कुणी तो तोंडाने सांगतच नाही. ‘नकाशावर खूण करून देतो’ म्हणतो आणि गप्प बसतो. खूण आली याचे मला दुःख नाही. वाक्य गेले याचे आहे.

ते का गेले? खेळाडू मठ्ठ झाला म्हणून, असे जुने लोक म्हणतात. मला कारण वेगळे दिसते: आवाज. मॉरोविंडमधले बहुतेक बोलणे छापील होते. पूल इकडचा तिकडे झाला तर लेखक एक ओळ खोडून दुसरी लिहायचा. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्य नटाच्या तोंडून ध्वनिमुद्रित झाले. सुरुवातीच्या सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज, आणि उरलेल्या अख्ख्या साम्राज्याला मूठभर नट. एकच भिकारी भीक मागताना एका आवाजात आणि माहिती देताना दुसऱ्याच आवाजात बोले. बोलके वाक्य महाग असते आणि एकदा मुद्रित झाले की हलत नाही. ‘पुलानंतर डावीकडे’ हे वाक्य मग सगळ्यात आधी कापले जाणार, कारण नकाशा शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतो. हा आळस नव्हता, हिशेब होता. हिशेब चुकला असे माझे मत आहे, पण त्याला अधःपतन म्हणता येणार नाही.

आणि वाक्य गेल्यावर तिथे पोकळी राहिली नाही. बोलायचे काम जागेने उचलले. स्कायरिमच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रॉस्टफ्लो नावाचे दीपगृह आहे. कुणी तुम्हाला तिथे धाडत नाही. दार उघडले की जमिनीवर एक बाई मरून पडलेली. खोल्याखोल्यांतून रोजनिश्या विखुरलेल्या: समुद्र सोडून दीपगृह घेणारा हाब्द, त्याची बायको, मुले, तळघरातून रात्री येणारा खरवडल्याचा आवाज. खाली उतरत गेलात की बर्फातली भुयारे, फाल्मर नावाचे आंधळे जीव आणि त्यांचे राक्षसी किडे. सर्वांत मोठा किडा मारलात की त्याच्या पोटात हाब्दचे अवशेष सापडतात. इथपर्यंत कुणीही येईल. पण ज्याने रोजनिशी नीट वाचली आहे त्याला ठाऊक असते की मेल्यावर आपली राख दीपगृहाच्या ज्योतीत पडावी, समुद्राकडे तोंड करून, अशी त्या माणसाची इच्छा होती. मग तुम्ही ते अवशेष घेऊन वर चढता आणि ज्योतीत ठेवता. खेळ बक्षीस म्हणून देतो एक लहानसा गुण. जखम भरणारे मंत्र दहा टक्के जास्त चालतात. तोही तुम्हाला मिळेल हे आधी कुणी बोललेले नसते.

मठ्ठ खेळाडूसाठी बनवलेल्या खेळात ही खोली कशी काय आली, याचे उत्तर फिर्यादी पक्षाने द्यावे.

दुसरे उदाहरण विंडहेल्मचे. स्कायरिमचे यादवी युद्ध क्वेस्ट म्हणून सुमार आहे. चार किल्ले घ्या, दोन शहरे घ्या, भाषण ऐका. पण बंडखोरांच्या राजधानीत, विंडहेल्ममध्ये, एकदा चालत फिरा. देवाची पूजा करू देत नाहीत म्हणून साम्राज्याविरुद्ध उठलेल्या या लोकांच्याच शहरात ग्रे क्वार्टर नावाची एक कोंदट गल्ली आहे. तिथे राहतात ते डन्मर निर्वासित. मॉरोविंडमधला रेड माउंटन फुटला तेव्हा पळून आलेल्यांची वस्ती. वेशीतून आत शिरताच स्थानिक नॉर्ड लोक त्यांतल्या एकीला धमकावताना दिसतात. ज्याने 2002मध्ये त्याच ज्वालामुखीच्या राखेत शेकडो तास काढले, त्याच्या पोटात इथे खड्डा पडतो. भाषणे काहीही म्हणोत, हे बंड कसले आहे ते ती गल्ली सांगते.

फिर्यादीचे आणखी एक कलम मी मान्य करतो. मॉरोविंडमध्ये मांत्रिकांच्या संघात वर चढायला मंत्रविद्या लागे, आणि तीन घराण्यांपैकी एकाचे मीठ खाल्ले की उरलेली दोन बंद. स्कायरिममध्ये कुऱ्हाडवाला गडी दोनचार मंत्र पुटपुटून विंटरहोल्डच्या विद्यापीठाचा मुख्य होतो आणि त्याच आठवड्यात चोरांचाही. सगळ्यांना सगळे मिळावे या हव्यासाने इथे घात केला. पुढच्या खेळाने हे परत आणावे, आणि ते आणायला पैसे लागत नाहीत. नाही म्हणायची हिंमत लागते.

पुढचा खेळ हा विषय निघालाच तर खरी तक्रार तिथे करावी. 1994, 1996, 2002, 2006, 2011, आणि त्यानंतर मुख्य खेळ नाहीच. 2018मध्ये डोंगरांचे काही सेकंदांचे दृश्य दाखवून सहाव्याची घोषणा झाली. मधल्या काळात स्कायरिम नव्या नव्या वेष्टनांत इतक्या वेळा विकला गेला की कंपनीनेच त्यावर विनोद केले. 2025मध्ये ऑब्लिव्हियनही नवा रंग लावून आला. थांबलेल्या गाडीला घसरली म्हणता येत नाही. थांबली म्हणा, आणि जोरात म्हणा.

आणि 35 कौशल्यांच्या त्या सुवर्णयुगाबद्दल एवढेच. डॅगरफॉलच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे खपून तो खेळ आजच्या संगणकांसाठी नव्याने बांधला. ‘डॅगरफॉल युनिटी’ची पूर्ण आवृत्ती 2023च्या अखेरीस आली. यांच्याहून कट्टर भक्त शोधून सापडणार नाहीत. त्यांनी नऊच्या नऊ भाषा जपल्या, गावे जपली, ती संपता न संपणारी भुयारेही जपली. आणि सेटिंग्जमध्ये एक चौकट ठेवली, टिचकी मारली की भुयारे लहान होतात. मी मारली.