लावलेली नव्हे, जगलेली झाडे मोजावीत

सन १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवास आरंभ केला, तेव्हापासून पावसाळा आला की गावोगाव रोपे लावण्याचा परिपाठ पडला आहे. परंतु पुढील उन्हाळ्यात त्याच जागी जाऊन पाहिल्यास पुष्कळ ठिकाणी कोरडे खड्डेच दृष्टीस पडतात. यात दोष रोपांचा नसतो. लावणारे हात अनेक असतात. पाणी घालणारा मात्र कोणी नेमलेला नसतो, हेच त्याचे कारण होय.

या दृष्टीने अमेरिकेतील सिॲटल शहराचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. तेथील बीकन हिल या वस्तीत जेफर्सन पार्कलगत सुमारे ७ एकर सार्वजनिक जमीन गवताखाली पडून होती. सन २००९ मध्ये काही रहिवाशांनी तेथे फळबाग करण्याची कल्पना मांडली आणि शहराची रीतसर अनुमती मिळवून सन २०१२ मध्ये कामास प्रारंभ केला. सर्व जमीन एकदम हाती न घेता प्रथम तिचा लहानसा भागच घेतला. सफरचंद, नासपती, अक्रोड अशी झाडे, त्यांच्याखाली फळझुडपे व त्याखाली भाजीपाला, अशी तेथील रचना आहे. फळ कोणीही तोडून न्यावे, असा तेथील नियम आहे.

सिॲटल पावसाचे शहर म्हणून प्रसिद्ध असले तरी तेथील उन्हाळा कोरडाच असतो. म्हणून लागवडीनंतर स्वयंसेवकांचे काम संपले नाही. आच्छादन घालणे, तण काढणे ही कामे ते ठरलेल्या दिवशी एकत्र येऊन करीत राहिले.

सार्वजनिक झाडाचे फळ पिकण्यापूर्वीच नाहीसे होते, असा आक्षेप आपल्याकडे घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु कुंपण कितीही उंच घातले, तरी ते ओलांडणारा गावचाच असतो. ज्याने उन्हाळ्यात झाडाला पाणी घातले आणि ज्याला फळाचा वाटा ठाऊक आहे, तोच त्या झाडाचा खरा राखणदार होय.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी दोनशे रोपांचा संकल्प सोडण्यापेक्षा वीस रोपे जगविण्याचा निश्चय करावा. जागा, पाण्याची पाळी आणि फळांची वाटणी ही ग्रामसभेत आधी ठरवावी. आंब्याच्या कलमासाठी १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डा पावसापूर्वीच तयार ठेवावा व दोन कलमांत १० मीटर अंतर सोडावे. जोडाखालील फुटवे वेळीच काढावेत व बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. निदान पहिले तीन उन्हाळे पाण्याची पाळी चुकू देऊ नये.

अहवालात किती रोपे लावली हा आकडा असतोच. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, हा आकडाही त्याच्या शेजारी लिहिला जावा. गावाच्या श्रमाचे खरे माप त्यातच आहे.